टाकीचे घाव कोण सोसतं? ख्रिस्ती विश्वासातलं दुःख आणि वाढ

कुणाच्या घरी मृत्यू झाला, कुणाला मोठं आजारपण आलं, कुणाचा संसार मोडला, की भेटायला येणाऱ्यांपैकी कुणीतरी हमखास म्हणतं, "यात देवाची काहीतरी योजना असेल." दुसरं कुणी म्हणतं, "देवाचं ज्याच्यावर प्रेम असतं, त्याचीच तो परीक्षा घेतो." बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. पण समोर बसलेल्या माणसाच्या पोटात त्या वाक्याने खड्डा पडतो. मला वाढायचं नव्हतं, मला माझं माणूस हवं होतं, असं त्याला ओरडून सांगावंसं वाटतं. तो सांगत नाही. नुसती मान डोलावतो.

माझा धाकटा भाऊ आजारी होता त्या दीड वर्षात मी अशी मान पुष्कळदा डोलावली. आणि त्याआधी हीच वाक्यं मी स्वतः दुसऱ्यांना ऐकवली होती, हेही सांगायला हवं. म्हणून हा विषय मला नीट उलगडून मांडायचा आहे. संकटातून माणसाची आत्मिक वाढ होते, म्हणजे देवावरचा त्याचा भरवसा खोल जातो आणि त्याचं मन ख्रिस्तासारखं घडत जातं, ही शिकवण बायबलमध्ये आहे. ती कुणी मागाहून चिकटवलेली नाही. पण ती नेमकी काय म्हणते आणि काय म्हणत नाही, यात गल्लत झाली की औषधाचं विष होतं. ज्यांचा ख्रिस्ती विश्वासाशी काही संबंध नाही, त्यांनाही समजावं अशा बेताने लिहितो.

आधी शब्द समजून घेऊ

या विषयावरचं सगळ्यांत जास्त वापरलं जाणारं वचन पौलाचं आहे. पौल म्हणजे येशूनंतरच्या पहिल्या पिढीतला प्रचारक; बायबलमधली कितीतरी पत्रं त्याच्या नावावर आहेत. इसवी सन ५७ च्या सुमारास रोममधल्या विश्वासणाऱ्यांना त्याने पत्र लिहिलं. त्याच्या पाचव्या अध्यायात तो एक साखळी मांडतो: संकटातून धीर, धीरातून शील, शीलातून आशा. मराठीत वाचताना ही साखळी फार गुळगुळीत लागते, भिंतीवर टांगायच्या सुविचारासारखी. पौलाने ज्या ग्रीक भाषेत लिहिलं, तिथले शब्द मात्र खडबडीत आहेत.

'संकट' यासाठी त्याने वापरलेला शब्द थ्लिप्सिस. त्याचा मूळ अर्थ दाब, चेपणं, चारी बाजूंनी जागा अरुंद होत जाणं. ज्याने मोठं दुःख भोगलंय त्याला हा अर्थ वेगळा समजावून द्यावा लागत नाही. खोली तेवढीच असते, पण श्वास घ्यायला जागा उरत नाही.

'धीर' म्हणजे हुपोमोने. 'हुपो' म्हणजे खाली आणि 'मेनो' म्हणजे राहणं. ओझ्याखाली टिकून राहणं. यात शांत, हसरा चेहरा कुठेच अभिप्रेत नाही. डोक्यावर पोतं घेऊन उभ्या असलेल्या माणसाचे पाय थरथरतात, मान अवघडते, तोंडातून शब्द फुटत नाही. तरी तो उभा असतो. पौलाच्या भाषेत तो धीर धरून आहे.

'शील' हा शब्द मला सगळ्यांत आवडतो. मूळ शब्द दोकिमे, म्हणजे कसाला उतरलेलं. आपण 'कसोटी' हा शब्द इतका सहज वापरतो की ती खरोखरची एक वस्तू आहे हे विसरून जातो. सोनाराकडचा काळा दगड. त्यावर दागिना घासतात आणि उमटलेल्या रेघेवरून सोन्याचा कस ठरवतात. आता गंमत अशी, की कसोटीचा दगड सोनं तयार करत नाही. जे आहे ते दाखवतो, एवढंच. पेत्राच्या पहिल्या पत्रात या चित्राच्या पुढचं चित्र आहे: विश्वास सोन्यासारखा अग्नीत पारखला जातो. भट्टीत सोनं वितळलं की मळ वर येतो. आधी तो दिसतो, मग काढता येतो. भावाच्या आजारपणात माझ्यातून जे वर आलं ते पाहून मी हादरलो होतो. चिडचिड, हिशेबीपणा, धडधाकट माणसांचा मत्सर. हे सगळं आधीपासून आत होतंच, फक्त तापमान तेवढं चढलं नव्हतं.

शेवटचा शब्द 'परीक्षा'. ग्रीकमध्ये पेइरास्मोस. परीक्षा आणि मोह या दोन्हींसाठी हा एकच शब्द आहे, आणि ही बाब फार महत्त्वाची आहे. बायबलमधल्या आणखी एका पत्राचा लेखक याकोब सुरुवातीलाच म्हणतो की नाना प्रकारच्या परीक्षा आल्या तर आनंद माना. दहा-अकरा वचनांनंतर तोच म्हणतो की देव मला मोहात पाडतो असं कुणीही म्हणू नये. म्हणजे एकच प्रसंग दोन वाटांच्या तोंडाशी आणून उभा करतो. एक वाट विश्वासाकडे जाते, दुसरी कडवटपणाकडे. वळण एकच आहे.

मग दुःखच माणसाला घडवतं का?

नाही. इथे बहुतेक जण घसरतात, आणि हा एक मुद्दा पटला तर बाकीचा अर्धा लेख वाचला नाही तरी चालेल.

हाड मोडलं की प्लास्टर घालतात. काही आठवड्यांनी हाड जुळतं. हाड कशामुळे जुळलं? मोडण्यामुळे नक्कीच नाही. मोडणं हे नुकसानच होतं. शरीरात जुळण्याची ताकद होती, कुणीतरी हाड सरळ बसवलं, हलू नये म्हणून आधार दिला, वेळ दिला, म्हणून ते जुळलं. आधार मिळाला नाही तर तेच हाड वाकडं जुळतं आणि जन्मभर दुखतं.

माणसाचंही असंच आहे. एकाच घरातली दोन भावंडं एकाच दुःखातून जातात. एक मायाळू होतं, दुसरं दगड होतं. दुःखात जर स्वतःचीच काही शिकवण्याची शक्ती असती, तर जगातली सगळ्यांत पिचलेली माणसं सगळ्यांत पवित्र झाली असती. तसं होत नाही. पुष्कळदा दुःख माणसाला फक्त चुरगाळून टाकतं.

मानसशास्त्रही यापासून फार लांब नाही. रिचर्ड टेडेस्की आणि लॉरेन्स कॅल्हून या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकात आघातानंतर होणाऱ्या वाढीवर काम केलं. वाढ आघातामुळे होत नाही, आघातानंतर माणूस जी झुंज देतो तिच्यातून ती होते, असं त्यांचं म्हणणं. वाढ आणि वेदना एकाच माणसात एकाच वेळी नांदू शकतात, हेही त्यांनी मांडलं. अशी वाढ माणसाच्या स्वतःच्या सांगण्यावरून मोजणं कितपत खरं, यावर त्यांच्या क्षेत्रात वाद आहेत, आणि ते रास्त आहेत.

ख्रिस्ती विश्वास त्यात एक गोष्ट जोडतो, आणि तीच त्याचा गाभा आहे: ती झुंज माणूस एकटा देत नाही. हाड जुळवणारी ताकद कृपेची आहे. कृपा म्हणजे देवाकडून मिळालेली, आपण न कमावलेली मदत. पौलाला शरीरात एक काटा होता. तो नेमका काय होता, आजार की आणखी काही, हे त्याने लिहिलेलं नाही. तो काढून टाक म्हणून त्याने तीन वेळा प्रभूला विनवलं. काटा निघाला नाही. उत्तर मिळालं ते असं: माझी कृपा तुला पुरे आहे, कारण अशक्तपणातच माझं सामर्थ्य पूर्णत्वाला येतं. काटा चांगला आहे असं त्या उत्तरात कुठेच म्हटलेलं नाही. काट्यासकट मी तुझ्याजवळ आहे, असं म्हटलंय.

टाकीचे घाव

आपल्याकडे म्हण आहे, टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही. दुःखाबद्दल बोलताना ती सहज तोंडात येते, आणि ख्रिस्ती प्रवचनांतही मी ती ऐकली आहे. म्हण सुंदर आहे. पण ख्रिस्ती शिकवण तिच्यात नीट मावत नाही. या म्हणीत दगड निमूट पडलेला असतो आणि मूर्तिकार घाव घालत असतो. मूर्तिकाराला काही लागत नाही.

ख्रिस्ती विश्वासाचा सगळा दावा असा आहे, की इथे घाव मूर्तिकारालाच बसले.

वधस्तंभावर जाण्याच्या आदल्या रात्री येशू ज्या बागेत प्रार्थना करत होता तिचं नाव गेथशेमाने, म्हणजे तेलाचा घाणा. जैतुनाची फळं पिळून तेल काढायची जागा. दाबाचं चित्र पुन्हा येतं, आणि या वेळी दाबाखाली तो स्वतः आहे. त्याची प्रार्थना काय होती? शक्य असेल तर हा प्याला माझ्यावरून टळून जावो. ज्याला ख्रिस्ती लोक देवाचा पुत्र मानतात त्यानेही दुःख मागून घेतलं नाही, त्याचं गुणगान केलं नाही. नको म्हणाला. मग म्हणाला, तरी माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो. या दोन वाक्यांपैकी आपण लोकांना नेहमी दुसरंच ऐकवतो. पहिलं वाक्यही शास्त्रातच आहे, आणि ते आधी येतं.

इब्री लोकांस पत्रात तर एक धक्का देणारं वाक्य आहे: पुत्र असूनही त्याने जे सोसलं त्यातून तो आज्ञाधारकपणा शिकला. म्हणजे ही वाट वरून दाखवलेली नाही, चालून दाखवलेली आहे. दुःखात अडकलेल्या माणसाला ख्रिस्ती विश्वास द्यायचं काही असेल, तर ते उत्तर नसून ही सोबत आहे. लाजर या मेलेल्या मित्राच्या कबरेपाशी येशू रडला. थोड्याच वेळात त्याला तो जिवंत करणार होता, हे ठाऊक असूनही रडला. "सगळं ठीक होणार आहे, रडतेस कशाला" असं तो लाजराच्या बहिणीला, मरीयेला म्हणाला नाही.

ईयोबाचे मित्र कुठे चुकले?

बायबलमधलं ईयोबाचं पुस्तक ४२ अध्यायांचं आहे. ईयोब हा एक नीतिमान माणूस. त्याची मुलं, संपत्ती, आरोग्य सगळं जातं. तीन मित्र भेटायला येतात आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर काही न बोलता बसून राहतात. सबंध पुस्तकात त्यांनी केलेलं हे सगळ्यांत चांगलं काम. पुढे ते बोलायला लागतात. देव न्यायी आहे, म्हणजे तू काहीतरी केलं असशील. देव शिस्त लावतो, ती नाकारू नकोस. वाक्यं सुटी घेतली तर त्यांतली पुष्कळशी धार्मिक आहेत, कितीतरी खरीही आहेत. ईयोब मात्र चिडतो, वाद घालतो, आपल्या जन्मदिवसाला शाप देतो, देवाला कोर्टात खेचायची भाषा करतो.

शेवटच्या अध्यायात देव निकाल देतो, आणि तो वाचताना मी दर वेळी थांबतो. देव मित्रांना म्हणतो, तुम्ही माझ्याविषयी यथार्थ बोलला नाहीत, माझा सेवक ईयोब बोलला. धर्माची बाजू घेणारे चुकले आणि भांडणारा बरोबर ठरला. आणखी एक: हे सगळं का घडलं ते देव ईयोबाला शेवटपर्यंत सांगत नाही. वाचकाला पहिल्या दोन अध्यायांतून थोडं कळतं, ईयोबाला कधीच नाही. त्याला देव भेटतो, कारण मिळत नाही.

यातून माझ्यापुरता मी एक नियम काढला आहे, आणि तो व्याकरणाचा आहे. "या दुःखातून देवाने मला घडवलं" हे वाक्य प्रथमपुरुषी आहे, ते साक्ष आहे. "या दुःखातून देव तुला घडवतोय" हे द्वितीयपुरुषी झालं की तोच आशय निवाडा होतो. शब्द जवळजवळ तेच, पण बोलायचा हक्क बदलतो. पौल स्वतःच्या संकटांबद्दल बोलतो तेव्हा त्याच्याकडे हिशेब आहे: पाच वेळा एकोणचाळीस फटके, तीनदा छड्यांचा मार, एकदा दगडमार, तीनदा जहाज फुटलं, एक रात्र आणि एक दिवस भर समुद्रात. त्याने साक्ष दिली तर ऐकावं. मी कुणाच्या उशाशी बसून पौलाचं वाक्य उचलून त्याच्या अंगावर टाकू नये.

भाऊ गेला त्यानंतरच्या आठवड्यात मंडळीतले एक वयस्कर गृहस्थ आले. फारसं बोलले नाहीत. दोरीवरचे वाळलेले कपडे काढून आणले, एकेकाची घडी घातली. भावाचा एक शर्ट हाती आला तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं, तो वेगळा ठेवला आणि पुढच्या कपड्याची घडी घालायला घेतली. त्या काळात ऐकलेली प्रवचनं माझ्या लक्षात नाहीत. तो शर्ट आहे.

मग मुकाट सोसत राहायचं का?

हा आक्षेप सगळ्यांत गंभीर आहे, कारण या शिकवणीचा सगळ्यांत घाणेरडा गैरवापर इथेच होतो. घरात मार खाणाऱ्या बाईला "हा तुझा वधस्तंभ आहे, तो उचल" असं सांगितलं जातं. पिळवणूक सोसणाऱ्याला सहनशीलतेची वचनं दाखवली जातात. हे चूक आहे. थोडंसं नाही, पूर्ण चूक आहे.

बायबलमधली माणसं काय करतात ते पाहा. दिमिष्कात पौलाला पकडायचा कट झाला, तेव्हा त्याला पाटीत बसवून गावकुसाच्या भिंतीवरून खाली सोडलं आणि तो पळाला. यरुशलेमेत त्याला फटके मारायला बांधलं, तेव्हा त्याने आपलं रोमी नागरिकत्व पुढे केलं आणि मार थांबवला. एका गावात छळ झाला तर दुसऱ्या गावात पळून जा, हे खुद्द येशूने शिष्यांना सांगितलं. तीमथ्य या तरुण सहकाऱ्याचं पोट वारंवार बिघडतं म्हणून पौल त्याला थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतो, दुखणं आत्मिक समजून सोस असं म्हणत नाही.

सोळाव्या शतकातले स्पॅनिश संत, क्रुसाचा योहान, यांचं उदाहरण मला इथे फार बोलकं वाटतं. १५७७ च्या डिसेंबरात त्यांच्याच संन्यासी संघातल्या विरोधकांनी त्यांना तोलेदो शहरात कोंडलं. अंधारी, अरुंद खोली, फटके, उपासमार. त्या खोलीत त्यांना ज्या कविता सुचल्या त्या आजही ख्रिस्ती भक्तीच्या शिखरावर मानल्या जातात. अंधारातून देवाकडे जाणाऱ्या जिवाच्या वाटेबद्दल पुढे त्यांनी जे लिहिलं, त्याची मुळंही त्या कोंडीत आहेत. आणि १५७८ च्या ऑगस्टमध्ये, एका रात्री, ते अंथरूण फाडून केलेल्या पट्ट्यांच्या दोरीने खिडकीतून उतरून निसटले. कवितेने दोरीला अडवलं नाही.

म्हणून जे दुःख टाळता येतं ते टाळावं, जे अन्यायाने येतं त्याला विरोध करावा, आजारावर उपचार घ्यावेत. वाढीची गोष्ट उरते ती एवढं सगळं करूनही जे टळत नाही त्याबद्दल.

देव झेपेल तेवढंच देतो ना?

हे वाक्य बायबलमध्ये आहे असं पुष्कळांना वाटतं. नाही. करिंथकरांच्या पहिल्या पत्रातलं एक वचन आहे, तुमच्या शक्तीपलीकडे तुमची परीक्षा देव होऊ देणार नाही, निभावण्याचा मार्गही देईल. पण तिथे शब्द पेइरास्मोस आहे, आणि पौल बोलतोय ते मूर्तिपूजा, व्यभिचार, कुरकुर अशा मोहांबद्दल. दुःखाचं वजन मोजून देणाऱ्या तराजूबद्दल नाही.

त्याच करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात पौल उघड कबूल करतो की आशिया प्रांतात आमच्यावर शक्तीपलीकडचा भार पडला, आम्ही जगण्याचीही आशा सोडली होती. त्याला झेपलं नाही. न झेपल्यामुळेच आम्ही स्वतःवर नाही, तर मेलेल्यांना उठवणाऱ्या देवावर भरवसा ठेवायला शिकलो, असं तो पुढे म्हणतो. "तुला झेपेल म्हणूनच दिलंय" हे ऐकून माणसाला आणखी एकटं वाटतं, जणू त्याच्या ताकदीचीच ही शिक्षा.

रडणं, तक्रार करणं म्हणजे अविश्वास का?

स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रं आहेत आणि त्यांतला फार मोठा भाग विलापाचा आहे. विलाप म्हणजे देवाकडे, देवाबद्दलच केलेली तक्रार. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटी आशेची एक ओळही नाही. ज्यांनी ही स्तोत्रं निवडली, जपली, उपासनेत गायला दिली, त्यांनी ते काढून टाकलं नाही. वधस्तंभावर येशूच्या तोंडी जे आलं, "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?", ते बाविसाव्या स्तोत्राचं पहिलं वचन आहे.

तक्रार नातं असेल तिथेच होते. अनोळखी माणसावर कुणी रुसत नाही.

सोळाव्या शतकातले जर्मन धर्मसुधारक मार्टिन लूथर यांची मुलगी मग्दालेना १५४२ मध्ये तेराव्या वर्षी बापाच्या हातांत गेली. मुलगी देवाजवळ आहे याबद्दल त्यांना तिळभर शंका नव्हती. तरी त्यांनी मित्राला लिहिलं की मी आणि माझ्या बायकोने आभार मानायला हवेत, पण रडल्याशिवाय, हुंदके दिल्याशिवाय ते आम्हांला जमत नाही. मदर तेरेसांची खासगी पत्रं त्यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, २००७ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा जग चकित झालं. जवळजवळ पन्नास वर्षं त्यांना प्रार्थनेत देवाची जाणीव होत नव्हती, आत कोरडा अंधार होता. काहींनी त्याला ढोंग म्हटलं. मला उलट वाटतं. काहीही जाणवत नसताना रोज उठून मरणाऱ्या माणसाजवळ बसायचं, याला हुपोमोने नाही म्हणायचं तर कशाला?

वाढवायचंच होतं, तर दुसरी वाट नव्हती का?

दुसऱ्या शतकातले ख्रिस्ती बिशप इरेनेयस यांनी एक उत्तर सुचवलं होतं. माणूस पूर्ण पिकलेला निर्माण झाला नाही, लेकरासारखा निर्माण झाला, आणि वाढत जाऊन त्याला देवाच्या साम्यात यायचं आहे. धैर्य, क्षमा, करुणा हे गुण तयार करून आत बसवता येत नाहीत. क्षमेला काहीतरी क्षमा करण्याजोगं घडावं लागतं. हे उत्तर काही अंतरापर्यंत चालतं.

मग ते थांबतं. तान्ह्या मुलाच्या मृत्यूत त्या मुलाची कसली वाढ? आईबाप घडावेत म्हणून लेकरू गेलं, असा देव मला मान्य नाही, आणि तो बायबलमधलाही नाही. शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसं मेली, तेव्हा येशूने स्पष्ट विचारलं, ती इतरांपेक्षा पापी होती असं तुम्हांला वाटतं का? आणि स्वतःच उत्तर दिलं, नाही. जन्मांध माणसाबद्दल शिष्यांनी विचारलं, पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापांचं? उत्तर आलं, कुणाचंच नाही. कारण शोधून कुणाच्या तरी माथी मारायची आपली खोड त्याने दोन्ही वेळा मोडली.

देवावर प्रीती करणाऱ्यांच्या बाबतीत सर्व गोष्टी मिळून कल्याणाला कारण होतात, असं रोमकरांच्या पत्रात आहे. सर्व गोष्टी कल्याणकारक आहेत असं नाही. आणि कल्याण म्हणजे काय हे लगेच पुढच्या वचनात आहे: पुत्राच्या प्रतिमेसारखं होणं. सुखरूप होणं असं तिथे लिहिलेलं नाही.

जे मोडूनच पडतात, त्यांचं काय?

एलीया संदेष्टा रानात एका झुडपाखाली बसून म्हणाला, पुरे झालं प्रभू, माझा जीव घे. आणि झोपला. देवदूताने येऊन त्याला उपदेश केला नाही. स्पर्श करून उठवलं आणि म्हणाला, खा. उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचा कुंजा होता. तो खाऊन पुन्हा झोपला. देवदूताने दुसऱ्यांदा उठवलं, खा, तुला लांबचा पल्ला आहे. देवाचा मंद, मृदू आवाज त्याने ऐकला तो त्यानंतर चाळीस दिवसांनी, डोंगरावर. आधी झोप, अन्न, पाणी आणि पुन्हा झोप. वाढीचा विषय त्या झुडपाखाली कुणी काढलाच नाही. ज्याला जगणं नकोसं झालंय त्याच्याजवळ आपणही तो काढू नये. त्याला एकटं सोडू नये, डॉक्टरकडे न्यावं आणि जेवू घालावं.

मग ही वाढ दिसते तरी कशी?

उशिरा दिसते. बायबलच्या उत्पत्ती या पुस्तकातल्या योसेफाला भावांनी खड्ड्यात टाकून मग विकलं तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. तुम्ही माझं वाईट योजलं पण देवाने त्यातून चांगलं योजलं, हे त्याचं प्रसिद्ध वाक्य बापाच्या मृत्यूनंतरचं आहे. उत्पत्तीतल्या वयांचा हिशेब मांडला तर मधे ३९ वर्षं गेली आहेत. त्या वर्षांत तो पुन्हा पुन्हा रडतो, खोलीत जाऊन रडतो, तोंड धुऊन बाहेर येतो. आणि ते वाक्य तो स्वतः म्हणतो, त्याला कुणी खड्ड्यात डोकावून ऐकवलेलं नाही.

आणि ती बहुतेक वेळा दुसऱ्याच्या उपयोगी पडताना दिसते. आम्हांला देवाकडून जे सांत्वन मिळालं त्याच सांत्वनाने आम्ही दुसऱ्यांचं सांत्वन करू शकतो, असं पौल लिहितो. कपड्यांच्या घड्या घालणाऱ्या त्या गृहस्थांनी आपला मुलगा गमावला होता, हे मला पुष्कळ नंतर कळलं. कपडे कुणीतरी काढायला हवेत, हे त्यांना कुठून माहीत होतं, ते तेव्हा उमगलं.

जखम मात्र पुसली जात नाही. पुनरुत्थानानंतर येशू थोमा या शंका घेणाऱ्या शिष्यासमोर उभा राहिला तेव्हा त्याच्या हातांवर खिळ्यांचे वण होते. मरणावर विजय मिळवलेल्या शरीरालाही वण होते, आणि थोमाने त्याला ओळखलं ते त्यांवरूनच.

वाढ सरळ वरही जात नाही. आईचं बायबल आता माझ्याकडे आहे. ती आवडत्या वचनांशेजारी पेन्सिलीने तारखा टिपायची, बाकी काही लिहायची नाही. तेरावं स्तोत्र सहाच वचनांचं आहे. सुरुवात "हे परमेश्वरा, किती काळ?" अशी, आणि शेवट देवाने उपकार केले म्हणून गाणं गाण्याने. पहिल्या वचनाशेजारी तिने तीन तारखा लिहिल्या आहेत, तिन्ही भाऊ गेल्यानंतरच्या. शेवटच्या वचनाशेजारी एकच आहे. मी बरेच दिवस धरून चाललो होतो की ती सगळ्यांत उशिराची असणार. मग एकदा चष्मा लावून नीट पाहिलं. ती पहिल्या दोन तारखांच्या मधली आहे.